दोन दारांचा दवाखाना

मी एकदा दिलेला शब्द मागे घेत नाही, हे आमच्या घराच्या भिंतींनाही ठाऊक आहे. त्यामुळेच त्या वर्षी मी माझ्याच शब्दात अडकले.

ह्यांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, एक जखम झाली होती. साखरेचा विकार असलेल्या माणसाची जखम म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. केव्हा निघणार, असे त्याला विचारता येत नाही. एक दिवसाआड जाणत्या हाताने पट्टी बदलली गेली पाहिजे, नाहीतर पायावर बेतेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. असा जाणता हात आमच्या गावात नव्हता आणि शेजारच्या गावातही नव्हता. तो शहरात होता, आणि शहराची बस आपल्या मर्जीने धावत असे.

शहरात आमचा मुलगा राहतो. तो फोनवर म्हणाला, "आई, सातव्या मजल्यावर तुमची खोली तयार आहे. लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. आता हट्ट पुरे."

मी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत इथे नर्सचं नक्की झालं, तर आम्ही हलणार नाही. नाही झालं, तर तू गाडी पाठव."

दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी ठरवली आणि सामान बांधायला सूनबाईला पाठवून दिले. मुलगा माझाच आहे. दुसऱ्याचा शब्द पकडण्यात तरबेज.

मला सातव्या मजल्याची भीती नव्हती. मी कुठेही राहिले तरी तिथे चार दिवसांत माझेच राज्य होईल. प्रश्न ह्यांचा होता. सगळा जन्म ह्यांनी आमच्या पुढच्या खिडकीत बसून रस्ता पाहिला. कोण चालले आहे, कोणाशी बोलणे बंद आहे, कोणाची सायकल पुन्हा पंक्चर झाली, हे सारे ह्यांना त्या खिडकीतून कळते. सातव्या मजल्यावरून माणसांची डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. खोकी बांधली जाऊ लागली तसे ह्यांचे बोलणे कमी होत गेले. तक्रार मात्र एका शब्दाने नाही. तक्रार केली असती तर मी भांडले तरी असते.

नर्स मिळण्यासारखी होती, आणि जीव जळायचा तो याच गोष्टीने. आरोग्य कार्यालयाने आमच्या वरच्या गावाला आणि शेजारच्या खालच्या गावाला कळवले होते की दोघांत मिळून एक कायमची नर्स देऊ. मात्र दोन्ही पालिकांनी एकाच जागेचा ठराव करून तो महिनाअखेरच्या आत पाठवावा. वेगवेगळ्या जागा सुचवल्यास नर्स तिसऱ्या गावाला जाईल.

एकच जागा! या दोन पालिकांचे पाऊस पडतो आहे की नाही यावरही एकमत झाल्याचे मी पाहिलेले नाही. त्यांच्यात एक जुनी रीत आहे. एका पालिकेचा माणूस दुसरीच्या सभागृहात पाऊल ठेवत नाही, कारण तिथे अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्याची असते. म्हणून सारा कारभार पाकिटांनी चालतो. दोन्हीकडचे शिपाई रोज सकाळी हद्दीवरच्या जुन्या जकात नाक्यापाशी भेटतात, पाकिटांची अदलाबदल करतात, तिथल्या बाकावर बसून आपापल्या अध्यक्षांची निंदा करतात आणि परततात. हे सारे आमच्या खिडकीतून दिसते.

आता हे अध्यक्ष कोण, तेही सांगते. वरच्या गावचा अध्यक्ष माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा. त्याचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. खालच्या गावच्या अध्यक्ष आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, निवृत्त मुख्याध्यापिका. भाचा म्हणे, नर्स आमच्या शाळेच्या रिकाम्या खोलीत बसेल. विहीणबाई म्हणत, आमच्या बस थांब्यापाशी बसेल. पाकिटे जात होती, येत होती आणि महिना संपत चालला होता.

शेवटच्या आठवड्यात मी भाच्याला बोलावून घेतले.

"मावशी, घाईत आहे गं. दुकानात खिळ्यांची पेटी उघडी टाकून आलोय."

"खिळे पळून जात नाहीत. बस."

तो बसला.

"नर्स कुठे बसणार?"

"आपल्याकडे! दुसरं कुठे? खोली मोकळी आहे, उजेड आहे, वारा आहे..."

"आणि चढण आहे. खालची म्हातारी माणसं चढून येणार?"

"मग आपली म्हातारी माणसं त्यांच्या थांब्यापर्यंत उतरून जाणार? मावशी, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"मी नर्सच्या बाजूची."

"तुझ्या विहीणबाई ठरावात काय लिहितात माहीत आहे? 'वरच्या गावाने समंजसपणा दाखवावा.' समंजसपणा! मी काय त्यांच्या वर्गात आहे?"

"होतास की. आणि बाकावर उभा होतास."

"तेच म्हणतो मी! तेव्हापासून उभा केलाय मला त्यांनी. आता अध्यक्ष झालो, आता तरी बसू देत."

हसू आवरून मी त्याला म्हणाले, "अध्यक्षमहाराज, समोरच्याने माघार घ्यावी म्हणून जो नुसता बसून राहतो, त्याला लोक खंबीर म्हणत नाहीत, धोंडा म्हणतात. मोठेपणा हवा असेल तर आधी देऊन बघ."

तो उठला. जाताना त्याने खोक्यांकडे पाहिले, पण विचारले नाही. विचारले असते तरी मी सांगितले नसते. गावाचे काम गावासाठी व्हावे. आपल्या घरातल्या दुखण्याचा पदर पसरून ते करून घेणे मला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईला बरोबर घेऊन मी विहीणबाईंकडे गेले. दोन्ही घरांमध्ये चालत जाण्याएवढेच अंतर आहे; पण विहिणी-विहिणींतले अंतर पावलांनी मोजत नाहीत.

"या, या!" विहीणबाई दारातच म्हणाल्या. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. मुलीच्या लग्नानंतर आमच्या उंबऱ्याला तुमचे पाय आज लागतायत."

"बोलावल्याशिवाय जायची आमच्याकडे पद्धत नाही."

"बोलावणं धाडलं होतं. शिपायाच्या हाती आलं म्हणून तुम्ही परत पाठवलंत."

"घरचं बोलावणं घरच्या माणसाने आणावं."

सूनबाई पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शहाणी मुलगी आहे.

मी विषयाला हात घातला. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचे वर्ग सुरू करण्याचे लक्षण आहे.

"तुमचा भाचा लहानपणापासून हट्टी. गणित चुकलं तरी पाटी पुसायचा नाही."

"मुलाला पाटी पुसायला शिकवायचं असतं, विहीणबाई. बाकावर उभं केलं की तो फक्त उंच होतो."

पुसून झालेला चष्मा त्या पुन्हा पुसू लागल्या. असे फार क्वचित घडते, म्हणून मी लगेच पुढे म्हणाले, "तुमचा थांबा चांगला, त्याची खोली चांगली. दोन चांगल्या जागा आणि नर्स एकीतही नाही. तुमच्या गावातल्या बाळंतिणी अजून बस धरून शहर गाठतात. त्यांना कोणता ठराव वाचून दाखवणार?"

"बघते," त्या म्हणाल्या. मी निघाले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "व्याह्यांचा पाय कसा आहे?"

"ठीक आहे."

"ठीक आहे ना? मग माझी मुलगी तुमच्या घरी सुतळी कशाला गुंडाळतेय?"

"माहेरपणाला आली आहे."

"माहेर इथे आहे तिचं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ताकाला येऊन भांडं लपवू नये, विहीणबाई."

मी पदर सावरला आणि बाहेर पडले. वाटभर सूनबाई माझ्या नजरेला नजर देत नव्हती. आईला कोणी सांगितले, हे मी तिला विचारले नाही. काही गोष्टी न विचारल्यानेच घरे टिकतात.

त्याच संध्याकाळी दोन्ही पालिकांच्या सभा झाल्या. सकाळी ह्यांनी खिडकीतून सांगितले, "पाकिटं बदलली बघ. आज दोघेही बाकावर बसले नाहीत. घाईने गेले."

दुपारी भाचा आला, तो लग्नाची सुपारी फोडून आल्यासारखा. "मावशी! दिला मोठेपणा! माझे सभासद अंगावर धावून आले, पण मी ठराव करून घेतला. नर्स खाली बसेल, त्यांच्या थांब्यापाशी. आता म्हणा मला हट्टी!"

माझ्या छातीवरचा दगड उतरतो न उतरतो तोच दारात छत्री दिसली आणि छत्रीमागून विहीणबाई. त्या कधी न बोलावता आमच्या घरी येतील असे मला कोणी शपथेवर सांगितले असते, तरी मी मानले नसते.

"बसायला आले नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायला आले, की काल आम्ही एकमताने ठराव केला. नर्स वरच्या गावात बसेल, शाळेच्या खोलीत. आमचं पाकीट तुमच्या अध्यक्षांनी अजून उघडलेलं दिसत नाही."

भाच्याने खिशातले पाकीट काढले. आपल्या मोठेपणाच्या भरात तो ते फोडायलाच विसरला होता.

आतल्या खोलीत सूनबाईच्या हातातली सुतळी थांबलेली मला ऐकू आली.

"म्हणजे," भाचा सावकाश म्हणाला, "आम्ही खाली दिली..."

"आणि आम्ही वर."

"मग पुन्हा दोन जागा झाल्या."

"झाल्या."

आजवर 'आमच्याकडे, आमच्याकडे' म्हणून भांडणारी ही माणसे आता 'तुमच्याकडे, तुमच्याकडे' म्हणून भांडू लागली. भाचा म्हणे, तुमचा ठराव तुम्ही रद्द करा. विहीणबाई म्हणत, आम्ही दिलेले परत घेत नाही, तुम्ही करा. तो म्हणे, म्हणजे आम्ही हावरट ठरायचे? त्या म्हणत, आणि आम्ही का ठरायचे? आरोग्य कार्यालयाला फोन लावला, तर तिकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला की दोन ठरावांत दोन जागा असतील तर कोण किती उदार आहे याच्याशी कार्यालयाला कर्तव्य नाही, आणि मुदत उद्या संध्याकाळी संपते. परवा सकाळी आमच्या दारात गाडी येणार होती.

इतकी वर्षे मी या दोन गावांना भांडखोर म्हणत आले. सौजन्याने माझे घर मोडेल असे मला कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात खिडकीतून हसण्याचा आवाज आला. हे हसत होते. कित्येक महिन्यांत न ऐकलेले, पोट धरून हसणे.

"अहो, हसता काय?" मी म्हणाले.

"हसू नको तर काय करू? अगं, ही मंडळी पाकिटं कुठे बदलतात?"

"नाक्यावर."

"आणि नाका कुणाच्या हद्दीत?"

भाच्याने विहीणबाईंकडे पाहिले, विहीणबाईंनी भाच्याकडे.

"एक खोली आमच्या," भाचा म्हणाला.

"एक आमच्या," विहीणबाई म्हणाल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हे म्हणाले आणि पुन्हा हसू लागले.

जकात बंद झाल्यापासून तो नाका तसाच पडून होता. एकाच भिंतीला पाठ लावलेल्या दोन खोल्या. एकीचे दार वरच्या गावाकडे, एकीचे खालच्या. दोन्ही गावे आपापल्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर आपापल्या दाराशी जकात घेत. रोज आमची नजर तिथे जात असे, आणि रोज जाते म्हणूनच तिथे काही दिसत नसे.

आम्ही सारे तिकडे चालत गेलो. कुलपे गंजली होती. भाच्याने दुकानातून तेल आणि हातोडी आणवली. वरचे कुलूप तेलाने उघडले, खालचे हातोडीने. "आमचंच बरं फोडायला सापडलं!" विहीणबाई म्हणाल्या, पण हसत म्हणाल्या. आत धूळ होती, कोळ्यांनी संसार थाटले होते. मात्र छप्पर धड होते, आणि मागे विहिरीवरून आलेला नळ खळखळून वाहिला. खोल्या लहान होत्या. एकीत नर्स बसली तर रोगी उभा राहायला जागा नाही.

"मधली भिंत उघडावी लागेल," मी म्हणाले.

"भिंत कुणाची?" भाचा सवयीने म्हणाला आणि जीभ चावली.

"अर्धी जाडी तुमची, अर्धी आमची," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या बाजूने फोडा, आम्ही आमच्या. मधे भेटू."

मग खरा पेच आला. नवा ठराव दोघांचा एकच हवा, म्हणजे सभा एकत्र हवी. ती कोणाच्या सभागृहात? मी म्हणाले, इथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यासमोरच्या रस्त्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या. वरच्या गावचे सभासद वरच्या बाजूला, खालचे खालच्या. मधोमध, अगदी हद्दीवर, अध्यक्षाची म्हणून एक खुर्ची ठेवली. भाचा म्हणाला, "बाई, तुम्ही बसा." विहीणबाई म्हणाल्या, "छे, तू बस, आता तरी बस." पुन्हा तोच आदराचा घोळ सुरू होणार असे दिसताच मी उठले आणि त्या खुर्चीत बसले. ती खुर्ची आमच्याच घरून आली होती. कोणाला हरकत घेण्याचे कारण नव्हते.

"बोला," मी म्हणाले, "पण थोडक्यात. ऊन चढतंय."

दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसली की नुसते ओरडतील अशी माझी समजूत होती. ओरडलीही. खालच्या गावचा एक सभासद म्हणाला की पाटीवर आधी खालच्या गावाचे नाव हवे, वरच्या गावचा न्हावी म्हणाला, "पाटी वाचून कुणाचा ताप उतरतो का हो?" त्यावर दोन्ही बाजू एकदम हसल्या, आणि एकदा एकत्र हसलेली माणसे पुन्हा वेगळी भांडायला जरा लाजतात. आजारी माणूस कोणत्याही दाराने यावा, झाडलोट आलटून पालटून व्हावी, नळाची दुरुस्ती भाच्याने पाहावी, असे एकेक ठरत गेले. बोलता बोलता कचऱ्याची गाडीही दोघांत एकच का नको, असे कोणीतरी काढले. मी ते पुढच्या सभेवर ढकलले. पुढची सभा होणार, हे त्यामुळे आपोआपच ठरून गेले.

मधेच मी सूनबाईला खूण केली. "सगळ्यांना चहा हवा."

ती माझ्या कानाशी वाकली. "आई, कप खोक्यात बांधलेत. तळाशी."

"मग उघड."

"पण उद्या गाडी..."

"दोन्ही गावांना पुरतील एवढे काढ."

ठराव विहीणबाईंनी लिहिला, भाच्याने वाचला, दोघांनी सह्या केल्या. मग आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली. दोन्ही पालिकांचे शिपाई एकच पाकीट घेऊन एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसून शहराकडे गेले.

आता उरले वाट पाहणे. सूनबाईने कप धुतले, पुसले आणि सवयीने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

"थांब," मी म्हणाले. "फोन येऊ दे."

कप तसेच मेजावर पालथे राहिले. हे खिडकीत बसून होते. रस्त्याकडे पाहत होते, पण कोण गेले ते सांगत नव्हते. आयुष्यात मी अनेक निकालांची वाट पाहिली आहे, मुलाच्या परीक्षेच्या, डॉक्टरांच्या तपासणीच्या. पण पालथ्या कपांकडे पाहत बसण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. चार वेळा मी उठले आणि काही काम नसताना पुन्हा बसले.

ऊन कलू लागले तेव्हा फोन वाजला. भाचा इतक्या मोठ्याने बोलत होता की फोन नसता तरी ऐकू आले असते. "मावशी, घेतला! ठराव घेतला त्यांनी! सोमवारी नर्स!"

मी फोन खाली ठेवला. सूनबाई धावत आली. तिला काही बोलू न देता मी म्हणाले, "कप मांडणीवर ठेव. आणि बाकीची खोकीही सोड. सुतळी नीट गुंडाळून ठेव, कापू नकोस."

हे खिडकीतून म्हणाले, "अगं, न्हाव्याची सायकल पुन्हा पंक्चर झाली बघ."

मी स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसून मगच बाहेर आले.

मुलाला मी स्वतः फोन केला. "गाडी रद्द कर."

"पण आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता, महिनाअखेरपर्यंतचा. महिना अजून संपलेला नाही."

तो बराच वेळ हसत होता. नंतर हळूच म्हणाला, "बाबा खूश आहेत का?" मी सांगितले, "खिडकीत आहेत." त्याला समजले.

सोमवारी मी ह्यांना घेऊन नाक्यावर गेले. भिंत मधोमध फोडली होती. वरच्या गावच्या गवंड्याने वरून, खालच्याने खालून, आणि खरोखरच दोघे मधे भेटले होते. नव्या चुन्याचा वास येत होता. नर्स तरुण होती, हात गार आणि बोलणे कमी. तिने पट्टी सोडली, जखम पाहिली आणि म्हणाली, "वेळेवर आलात. भरून येईल."

मी मनात म्हणाले, आम्ही कुठे आलो बाई, आम्ही तर कुठेच गेलो नाही.

बाहेर विहीणबाई उभ्या होत्या, छत्री टेकून. "काय हो, वरच्या गावची माणसं आज आमच्या दाराने आत गेली?"

"तुमच्या दाराला पायरी नाही. ह्यांच्या पायाला बरं पडतं. एवढंच."

"एवढंच ना?"

"एवढंच." मी ह्यांचा हात धरला आणि दोन पावले गेल्यावर थांबले. "आणि विहीणबाई, ते बोलावणं. पुन्हा धाडायचं असेल तर शिपायाच्या हाती आलं तरी चालेल."